अप्पांनी लावलेलं कुलूप

“तीनदा चुकलं की हात काढायचा, उमा. बंद करायचं, दम खायचा आणि परत पहिल्यापासून. मशीनवर जबरदस्ती चालत नाही.”

नवऱ्याचा, अप्पांचा तो आवाज उमाबाईंच्या कानात जसाच्या तसा होता. अप्पा स्वतः मात्र दोन हात अंतरावर खाटेवर उशीला टेकून बसले होते आणि काहीच म्हणत नव्हते. उमाबाईंनी एक बोट पुढं करून, एकेक इंग्रजी अक्षर हुडकत, सासऱ्यांचं नाव पुरं केलं. गुरुपादप्पा. काळ्या पडद्यावर अक्षरांऐवजी नुसते ठिपके उमटत गेले. शेवटचं बटण दाबल्याबरोबर ठिपके पुसले गेले आणि सकाळपासून येत होती तीच, पासवर्ड चुकल्याची ओळ पुन्हा आली.

त्यांनी हात काढला. लॅपटॉप बंद केला आणि पदरानं त्याच्यावरची नसलेली धूळ पुसली.

“बापाचं पण नाव नाही ठेवलं होय,” त्या हळूच म्हणाल्या. “मग कुणाचं ठेवलंय?”

अप्पांनी मान खिडकीकडं वळवली.

“बरं... बरं,” ते म्हणाले.

दिवाळी झाली आणि अप्पांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. सगळ्या बोलण्यातला एवढा एक शब्द कसा कोण जाणे मागं राहिला. पाणी हवं असलं तरी बरं बरं, नको असलं तरी बरं बरं. शेजारच्या सरजाबाई येता-जाता म्हणायच्या, “उमाक्का, नशीबवान हाव बगा तुम्ही. आमच्याकडं एका शब्दाला धा शब्द येतेत. इथं अप्पा सगळ्यालाच बरं म्हणून राहिलेत.” त्यावर अप्पाही डाव्या गालानं हसायचे. उमाबाईंना त्या एका शब्दातले सूर आता ओळखू येऊ लागले होते. भुकेचा वेगळा, रागाचा वेगळा, पाठीखालची चादर गोळा झाल्याचा वेगळा. पण लॅपटॉप समोर ठेवला की जो सूर लागायचा, तो मात्र त्यांना उकलत नव्हता.

लॅपटॉप जुना होता, पाटासारखा जड. अप्पा नांदेडातल्या एका सहकारी बँकेत संगणकाचं काम बघायचे. बँकेनं जुनी यंत्रं काढली तेव्हा त्यांनी हा घरी आणला. एकुलती एक लेक तनुजा नर्सिंग शिकली ती याच्यावरच. तेव्हा त्याला कुलूपबिलूप काही नव्हतं. पुढं तिला लातूरच्या दवाखान्यात नोकरी लागली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, दुसऱ्यांच्या तोंडाला प्राणवायू लावता लावता तो तिच्याच तोंडाला लागला, आणि ती त्यातून परत आली नाही. लिंगायतांच्या रीतीनं बसवून, हाती लिंग देऊन मूठमाती द्यायची, तेवढंही आईबापाच्या वाट्याला आलं नाही. तिकडंच सगळं उरकलं गेलं.

नंतर एक दिवस अप्पांनी उमाबाईंचा फोन मागून घेतला होता. “लई भरलाय हा. तनूचं सगळं लॅपटॉपमध्ये काढून ठेवतो,” म्हणाले. फोन परत आला तो रिकामा होऊन. लॅपटॉपला कुलूप लागलं ते तेव्हापासून.

दर सोमवारी उमाबाईंची पूजा झाली की अप्पा ते कुलूप काढायचे. उमाबाई चहा आणायला आत जायच्या, कप घेऊन येईपर्यंत पडदा उजळलेला असायचा. मग अप्पा एकच चित्रफीत लावायचे. मावसबहिणीच्या लग्नात हळदीनं पिवळी झालेली तनुजा कॅमेऱ्यापुढं हात आडवा धरून ओरडते, “अप्पा, पुरे की आता! नवरी तिकडं हाय, इकडं काय काढायलाव?” आणि हसते. हसता हसता तिला ठसका लागतो. संपलं.

“दुसरं काही नाही का हो तिचं?” एकदा उमाबाईंनी विचारलं होतं.

“आहे की. सापडायला पाहिजे.”

बँकेत कुणाचं काही हरवलं की लोक अप्पांकडं धाव घेत, आणि अप्पा बसल्या जागी शोधून देत. उमाबाईंना ते माहीत होतं. तरी त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मिळतंय तेवढ्यावर चहा गोड करून प्यायची त्यांची जन्माची सवय.

दिवाळीपासून सोमवार मुका झाला होता. पण खरी धास्ती बसली ती मागच्या आठवड्यात. भाकरी थापता थापता त्यांनी मनातल्या मनात तनुजाचं हसू लावून बघितलं, आणि कानात आलं ते सरजाबाईंच्या सुनेचं हसू. त्यांनी पुन्हा आठवलं. पुन्हा तेच. तव्यावरची भाकरी करपली तरी त्यांचा हात परातीतच राहिला. लेकीचं तोंड भिंतीवरच्या फोटोत होतं. आवाज त्या कुलपाआड होता, आणि तो कानातून उतरत चालला होता. त्याच दुपारी त्यांनी हरिओमला फोन केला.

हरिओमचं वजिराबादला दुकान होतं. पूर्वी बँकेची यंत्रं दुरुस्त करायला यायचा, अप्पांच्या हाताखाली चार गोष्टी शिकला होता. दोन लेकरांचा बाप झाला तरी अप्पांच्या पाया पडल्याशिवाय खुर्चीवर बसला नाही. लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यानं बराच वेळ काहीबाही करून बघितलं, मग डोकं खाजवलं.

“विंडोजचा पासवर्ड असता न काकू, चहा उकळीस्तोर काढून दिला असता. ह्यो तसला न्हाई. ह्यो थेट डिस्कलाच घातलाय.”

“म्हणजे कसं?”

“घराच्या दाराला न्हाई, तिजोरीलाच कुलूप. आता तिजोरी उचलून दुसऱ्याच्या घरी नेली म्हणून उघडंल का? तसंच. दुसऱ्या मशीनला लावली तरी ती तोंड उघडत न्हाई.” तो खाटेकडं वळला. “अप्पा, कामून एवढं पक्कं लावलाव? आत सोनं ठिवलंय का काय?”

“बरं बरं,” अप्पा म्हणाले. हरिओम हसला. अप्पा हसले नाहीत.

“काही इलाज?” उमाबाईंनी विचारलं.

“हाय की. सगळं पुसायचं, कोरं करायचं. मशीन चालंल मग घोड्यावानी.”

“पुसायचं नाही!”

त्या एवढ्या मोठ्यानं बोलल्या की हरिओमनं मांडीवरचे हात वर उचलले. या बाईला मोठ्यानं बोलताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं. उमाबाईंनी स्वतःच ओशाळून पदर सावरला.

“पुसायचं नाही रे बाबा,” त्या हळू म्हणाल्या. “तनू हाय त्याच्यात.”

 हरिओमनं लॅपटॉपच्या पाठीला कान लावला, मग उमाबाईंनाही जवळ बोलावलं. आतून बारीक आवाज येत होता. कट्. थोडं थांबून, कट्. भिंतीत किडा लाकूड पोखरतो तसा.

“डिस्क म्हातारी झालीय, काकू. सोय पाहिली तर लवकर पाहायला पाहिजे. एक दिस चालू कराल आन् नुस्तं कटकट करंल. मग देवानं येऊन पासवर्ड सांगितला तरी उपेग न्हाई.” त्यानं मशीन अलगद टेबलावर ठेवलं. “परवाच्याला येतो. तवर अप्पांना आठवतंय का बगा. जे काय होईल ते परवा.”

त्यानं हे दोघांनाही ऐकू जाईल असं सांगितलं. अप्पांच्या डाव्या हाताची मूठ गोधडीवर आवळली गेली होती. उमाबाईंना वाटलं, थंडी वाजतेय. त्यांनी गोधडी वर ओढून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेमाला बसल्या. उमाबाईंचा नेम गल्लीत सगळ्यांना ठाऊक होता. गुरूंकडून दीक्षा घेतल्यापासून त्यात खंड नव्हता. उठल्यापासून लिंगपूजा होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही, तोंडातून शब्द नाही. फोन बाहेरच्या खोलीत, देवघराचं दार लोटलेलं. दूधवाला घंटी न वाजवता पिशवी कडीला अडकवून जायचा. माहेरच्या माणसांनी त्या वेळेला फोन करणं कधीच सोडलं होतं. आणि गळ्यातल्या लिंगाशिवाय दुसऱ्या देवापुढं माथा टेकवायचा नाही, हाही नेमच होता. लग्नातल्या कुलदैवताच्या जेवणावळींना त्या जायच्या, पंगतीत वाढायच्या, पण गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी मागं थांबायच्या.

चांदीच्या डबीतून लिंग काढून त्यांनी डाव्या तळहातावर घेतलं, विभूती लावली, बेल वाहिला. तनुजा लातूरला खाटेवर पडली होती, त्या दिवसांत त्यांनी ही पूजा दुपटीनं वाढवली होती. जप संपेपर्यंत डावा हात बधिर व्हायचा, तरी त्या खाली आणायच्या नाहीत. शेवटच्या त्या सकाळी त्या विभूतीचं बोट घेऊन बाहेर आल्या, तेव्हा अप्पा अंगणाच्या दारात, पाठ करून उभे होते.

“दवाखान्यातून काही कळलं?”

“झोपलीय ती,” अप्पा न वळता म्हणाले होते. “निवांत झोपलीय.”

आणि खरंच, त्यानंतर ती जागी झाली नव्हती. डॉक्टरांनी नळी घातली होती. चार-पाच दिवसांनी नुसती खबर आली.

पूजा आटोपून त्या खाटेशी आल्या. अप्पांच्या कपाळाला विभूती लावली, उजव्या निर्जीव हाताची बोटं एकेक करून चोळली.

“हरिओम म्हणतो ते ऐकलंत ना. उद्या-परवा ते मशीन जाईल. एक अक्षर तरी आठवतं का बघा. मी बोट ठेवत जाते, तुम्ही मान हलवा.”

अप्पांनी डोळे मिटून घेतले.

“बरं... बरं.”

पुन्हा तोच, न उकलणारा सूर. मिटलेल्या पापणीतून पाणी ओघळलं. आजारानं त्यांच्या डोळ्यांतून मधून मधून पाणी येतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. उमाबाईंनी ते टिपलं.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “नाही आठवत तर नाही. तुमच्यावर का राग आहे माझा?”

ठरल्या दिवशी हरिओम दुपारी आला. सोबत स्वतःची छोटी डिस्क, वायरी, सगळं घेऊन. लॅपटॉप चालू केला तर पडदा उजळलाच नाही. आत नुसती कटकट. त्यानं बंद केला, पाठीवर हलकेच थोपटला, पुन्हा चालू केला. कट्, कट्, कट्, आणि मग कण्हत कण्हत डिस्क फिरू लागली. पासवर्डची काळी चौकट आली.

“आली बया,” हरिओमनं श्वास सोडला. “पण काकू, खरं सांगतो. ही आता परत उठत न्हाई. आज जे होईल ते.”

उमाबाई चौकटीकडं बघत उभ्या राहिल्या. त्यांनी बोटाशी बोट जुळवलं. हयातीत त्यांनी त्या लिंगाशिवाय कशाला हात जोडले नव्हते, आणि आता आपण काय करतोय हे कळायच्या आत त्यांनी त्या जाड्या, जुन्या यंत्राला हात जोडले.

“असू दे हरिओम,” त्या म्हणाल्या. “तू लई केलंस. बंद कर आता. जाऊ दे तिला.”

हरिओमचा हात बटणाकडं गेला.

“बरं!”

दोघंही दचकून वळले. अप्पा उशीवरून पुढं कलले होते. डाव्या हातानं ते खाटेची पाटी बडवत होते. “बरं! बरं! बरं!” त्या शब्दाचा असला सूर घरात कधी कुणी ऐकला नव्हता. विहिरीत पडलेल्या माणसानं वरच्याला हाक मारावी तसा.

हरिओमनं लॅपटॉप उचलून त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवला. अप्पांचा डावा हात कळफलकावर गेला, थांबला. त्यांनी उमाबाईंकडं पाहिलं. उमाबाई भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. इतकी वर्षं त्या चहाच्या निमित्तानं आत जात आल्या होत्या. दुसऱ्याचं कुलूप उघडताना बघू नये, एवढं त्यांना कळत होतं. पाठीमागं एकेक कळ दाबल्याचा आवाज आला. सावकाश, पण कुठंही न अडता. मग यंत्र सुरू झाल्याची ती ओळखीची धून वाजली.

“उघडलं!” हरिओम ओरडलाच. “अप्पा, म्हणजे तुम्हाला सगळं याद होतं की!”

 उमाबाई वळल्या. अप्पा खाली मान घालून आपल्याच हाताकडं बघत होते.

हरिओमनं घाईनं वायर जोडली. तनुजाच्या नावाचा कप्पा उघडला, त्यातलं सगळं स्वतःच्या डिस्कवर उतरू लागलं. लग्नाची चित्रफीत होती. फोटो होते, तिच्या पहिल्या गणवेशातले, गोदावरीच्या घाटावरचे. पाठोपाठ फोनवरचे बोलके निरोप, एकाखाली एक. हरिओम पडद्यावरच्या पट्टीकडं डोळे लावून बसला होता. पट्टी भरली तशी त्यानं कपाळ पुसलं.

“आलं सगळं, काकू. आता फिकीर न्हाई. कोणतं लावू?”

“शेवटचं कोणतं आहे?”

“शेवटाला दोन आवाज हाईत. एकाच दिवसाचे.”

त्यानं तारीख वाचली. उमाबाईंना ती तारीख कॅलेंडराशिवाय पाठ होती. पण त्यापुढं त्यानं वेळ वाचली, ती मात्र त्यांना नवी होती. सकाळची वेळ. नेमाची वेळ.

त्यांनी खाटेच्या पायथ्याशी बसून घेतलं.

“लाव.”

आधी नुसता श्वास आला. पाठीमागं कुठंतरी यंत्रांची टिकटिक, लांब कुणाची तरी हाक. मग तनुजा बोलली. हळदीतल्या तनुजाचा आवाज नव्हता तो. सुकलेला, तुटक, पण तिचाच.

“अव्वा... पूजेत असशील. उठू नको. मी बोलून ठेवायले... पूजा झाल्यावर ऐक.” श्वास. “आता नळी घालणारेत. घातली की बोलता येत न्हाई. मीच कितीजणांना घातलीय, मला माहीत हाय. तू भिऊ नको.” बराच वेळ नुसती टिकटिक. “एक काम हाय तुझ्याकडं. शेजारच्या खाटेवर धोंडाबाई हाईत, देवणीच्या. रात्री माझा मास्क सरकला की त्याच सिस्टरला हाका मारून उठवतात. स्वतःला धाप हाय तरी. त्यांना माहूरला जायचंय. रेणुकेच्या पायऱ्या चढवत न्हाईत, हाताला धरायला घरात कुणी न्हाई. मी म्हणलं, माझी अव्वा नेईल तुम्हाला.” खोकला. “तू दुसऱ्या देवाला जात नाहीस, माहीत हाय गं. तू बाहेर बस. पण त्यांना ने. हाताला धरून. मी तुझ्या नावानं शब्द देऊन बसलेय... तू हो म्हण. ऐकलं की मला हो म्हणून पाठव. मग मी डोळे मिटते.”

हरिओम उठला. “मी... मी बाहेर गाडीपाशी हाय, काकू,” असं पुटपुटत, चपला हातात घेऊनच तो बाहेर पडला. दाराशी थांबून त्यानं मागं पाहिलं. “खालचं दाबलं की दुसरा वाजंल.”

उमाबाईंचा हात गळ्यातल्या चांदीच्या डबीवर गेला होता. ती त्यांनी धरली, की सोडवत होत्या, हे खाटेवरून बघणाऱ्या अप्पांना कळेना. ते टक लावून त्या हाताकडं बघत होते. जे तुटू नये म्हणून त्यांनी चार वर्षं कुलूप घातलं होतं, ते त्या मुठीत होतं.

 मग उमाबाईंनी तो हात सोडवून घेतला आणि एका बोटानं दुसरा निरोप लावला.

तनुजा नव्हती. अप्पा होते. दिवाळीपूर्वीचे, तोंडभर बोलणारे अप्पा. मागं, अगदी बारीक, लोटलेल्या दारापलीकडून उमाबाईंच्या जपाच्या माळेचे मणी वाजत होते.

“तनू, बाळा. अव्वानं ऐकलं बघ. पूजेतून उठून आली आणि ऐकलं. हो म्हणाली. नेते म्हणाली, हाताला धरून नेते म्हणाली. तू कशाची फिकीर करू नको. झोप निवांत.”

शेवटच्या शब्दावर आवाज फाटला होता, आणि तो सावरायच्या आतच निरोप संपला होता.

रस्त्यावरून रिक्षा गेली. सरजाबाईंच्या घरी कुकरची शिट्टी झाली. उमाबाई त्या पडद्याकडं बघत राहिल्या. लेकीचा आवाज परत मिळवायला बसल्या होत्या. नवऱ्याचाही हाती आला होता. आणि तो बोलणारा माणूस समोर खाटेवर, ओठ हलवत, एका शब्दाच्या पलीकडं जायची धडपड करत होता.

“तिनं ऐकलं का हो हे?”

अप्पांनी डावा हात उचलला. तळवा वर झाला, आणि तसाच रिकामा गोधडीवर पडला.

उमाबाई पुढं सरकल्या. त्यांनी अप्पांचा मेलेला उजवा पाय मांडीवर घेतला आणि रोज दाबायच्या तसा दाबू लागल्या.

“ऐकलं असेल,” त्या म्हणाल्या, “तर तिच्यापुरती तरी मी उठले म्हणायची.”

अप्पा तोंड उघडून रडले. त्या रडण्यात शब्द नव्हता, बरं सुद्धा नव्हतं.

सकाळी अप्पांना जाग आली तेव्हा घर गार होतं. त्यांनी मान वळवली. देवघराचं दार सताड उघडं होतं. आत उमाबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या, डावा हात छातीशी धरलेला. समईच्या उजेडात हाताची सावली हलत नव्हती. पण आज ओठांत जप नव्हता. नुसत्याच बसल्या होत्या त्या, समोरासमोर, दोन माणसं काही विचारायचं असलं की बसतात तशा. उठल्या तेव्हा दिवस वर आला होता. बाहेर येऊन त्यांनी अप्पांच्या कपाळाला विभूती लावली. अप्पांचा इतका वेळ रोखून धरलेला श्वास सुटला.

“सोमवारी मी देवणीला जाणार आहे,” त्या म्हणाल्या. त्या दिवसाचा तो त्यांचा पहिला शब्द होता.

सरजाबाईंनी ऐकलं तेव्हा त्या कपाळाला हात लावून बसल्या.

“उमाक्का, नुस्तं धोंडाबाई? आडनाव न्हाई, गल्ली न्हाई? देवणीची वळू-गाय हुडकायची तर बाजारात सापडंल. धोंडाबाई तर तिथं घरटी एक असंल.”

“विचारत जाईन.”

“आन् इतक्या सालानं ती बाई हाय का गेली, कुणाला खबर? त्या दवाखान्यातून किती जणं माघारी आले?”

उमाबाई अप्पांच्या गोळ्या वाटीत काढत होत्या. सकाळच्या वेगळ्या, दुपारच्या वेगळ्या.

“ते तिथं गेल्यावर कळेल.”

“आन् तुमचा नेम? माहूरगड म्हणजे देवीचा दरबार. तुम्ही तर पायरी चढत न्हाई.”

“मी हो म्हटलंय, सरजाबाई,” उमाबाई म्हणाल्या, आणि वाटीवर झाकण ठेवलं.

सोमवारी सरजाबाई भाकरी बांधून अप्पांजवळ येऊन बसल्या. उमाबाईंनी पिशवीत एक लुगडं घेतलं, विभूतीचा गोळा घेतला, पाण्याची बाटली घेतली. दारातून वळून त्यांनी अप्पांकडं बघितलं. “बरं,” अप्पा म्हणाले. एकदाच. तो सूर उमाबाईंना कळला.

उदगीरची गाडी फलाटाला लागलेलीच होती. उमाबाई खिडकीशी बसल्या. शेजारची जागा मोकळी होती. एका बाईनं विचारलं तर त्या सरकल्या आणि तिच्या लेकराला मांडीवर बसायला जागा करून दिली. गाडी गावाबाहेर पडली तसा कंडक्टर आला.

“कुठं, मावशी?”

“उदगीर. तिथून देवणीला जायचंय.”

“किती?”

उमाबाईंनी पदराची गाठ सोडली.

“जाताना एकच,” त्या म्हणाल्या.